बंद पट्ट्याशेजारची चढण

कुवेतमध्ये राई नावाच्या भागात, मोठमोठ्या शोरूमच्या मागच्या रस्त्याला एक बर्फघर आहे. बाहेरून ते गोदामासारखंच दिसतं. आत मात्र खऱ्या बर्फाचा उतार आहे. आमच्या राजापूरकडच्या गावात नदीवरून घरी चढायला जांभ्या दगडाची पाखाडी आहे, साधारण तेवढा उंच आणि तिच्यापेक्षा रुंद. उताराच्या एका कडेला रबरी पट्टा आहे. लोक त्याच्यावर उभे राहून वर जातात आणि पायाला स्की बांधून खाली घसरत येतात. त्या बर्फघराची थंडी सांभाळायचं काम माझं. कॉम्प्रेसर, पंखे, बर्फ उडवणारी तोफ आणि तो पट्टा, सगळं माझ्याकडे.

कुवेतमध्ये मला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं मी वफ्राच्या शेतांवर भाजीच्या कोल्डरूम सांभाळल्या. तिथे एकदा काकडीच्या कोल्डरूममध्ये मी अडकलो होतो. दरवाजाची आतली मूठ तुटलेली होती आणि दिवा बाहेरून कुणीतरी घालवला होता. वीस-पंचवीस मिनिटांत एका मजुराने दार उघडलं. मला काही झालं नाही, पण तेव्हापासून थंड जागेत अंधार झाला की मी आधी दार शोधतो. हे मी कुणाला बोललो नव्हतो. थंडी दुरुस्त करणारा माणूस थंडीला घाबरतो म्हटल्यावर त्याला कामावर कोण ठेवणार?

बर्फघर सकाळी शाळेच्या मुलांसाठी उघडायचं आणि संध्याकाळी बाकीच्यांसाठी. दुपारी दोन ते चार बंद. त्या वेळात मी पट्टा तपासायचा, ग्रीस लावायचं, कुठे बर्फ कमी झाला असेल तर तोफ चालवायची. बाकीचे लोक जेवायला जात. मंगळवारी आणि शनिवारी मात्र या वेळात आत एक बाई असायची.

वय पस्तिशीचं. एका क्लिनिकमध्ये लॅबचं काम करायची. पहिल्या दिवशी ती माझ्याशी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत. मी फोनवर बायकोशी बोलत होतो ते तिने ऐकलं आणि ती थबकली.

"तुमी कोकणातले?" तिने विचारलं.

"राजापूर तालुका. तुम्ही?"

"आमचा गाव रत्नागिरीच्या खाली, खाडीवर. पण माझा जन्म इथलाच. अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. घरात आई हीच बोली बोलायची. आता आई नाय, तर कुणाशी बोलू?"

त्यानंतर ती माझ्याशी मराठीतच बोलायची. मधेच शब्द अडला की इंग्रजी घालायची. मला भाऊ म्हणायची, मी तिला ताई म्हणायचो, वयाने लहान असली तरी.

पट्टा बंद झाल्यावर ती उतार चढायची. स्कीच्या तळाला एक लवदार पट्टी चिकटवायची. मांजराच्या पाठीवरून हात एका बाजूने सहज फिरतो आणि उलट फिरवला तर केस अडतात, तशी ती पट्टी. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. दोन्ही हातांत काठ्या. पाऊल उचलायचं नाही, ढकलायचं. वर पोचली की पट्टी सोलून काढायची, खिशात कोंबायची, अर्ध्या मिनिटात खाली यायचं आणि पुन्हा चढायला लागायचं. दोन तासांत वीस-बावीस फेऱ्या.

मी एकदा विचारलं, "ताई, पट्टा चालू असताना या ना. एवढी दमछाक कशाला?"

ती म्हणाली, "विमानाने पाच तासांवर डोंगर आहेत. मागच्या वर्षी गेले होते ग्रुपबरोबर. तिथे चारला वर नेणारी लिफ्ट बंद होते. मग काही लोक पायीच वर चढतात, आपल्या जबाबदारीवर. मी पण निघाले. अर्ध्यात बसले. काळोख पडायला लागला, ग्रुप पुढे गेला, आणि मी अशी रडले, भाऊ. रांगत खाली आले. आता यंदा परत जाणार आहे."

"परत कशाला?"

"त्याच्यासाठीच," ती म्हणाली, आणि चढायला लागली.

मॅनेजरने तिच्याकडून सही घेतली होती, काही झालं तर जबाबदारी तिची. पण ती आत असेपर्यंत मला उतारावरून नजर हलवता यायची नाही. ती वर टोकाला गेली की धुक्यात दिसेनाशी व्हायची. तोफ चालू केली की आत धुकं भरतं. मग काठ्यांचा आवाज येतो का, एवढंच मी ऐकत राहायचो.

त्या उन्हाळ्यात विजेची ओढाताण होती. उकाडा पन्नासाला टेकला की आलटून पालटून एकेका भागाची वीज जायची, कधी अर्धा तास, कधी दोन तास. राईची वीज तोवर गेली नव्हती. आमच्याकडे जनरेटर होता, पण तो फक्त पुढचं उपाहारगृह आणि आगीचा पंप चालवायचा. उताराच्या आत बॅटरीवरचे चार दिवे होते. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. बदला म्हणून मी दोनदा लिहून दिलं होतं.

तो शनिवार होता. पट्ट्याच्या वरच्या टोकाला जो मोठा रोलर आहे, त्याच्यातून कुरकुर येत होती. मी पट्ट्याच्या विजेचा ब्रेकर पाडला, वर जाऊन रोलरवरचं झाकण काढलं, ग्रीस भरलं. झाकण तसंच उघडं ठेवून खाली आलो, कारण पट्टा चालवून आवाज गेला का ते बघायचं होतं. वर असताना ताईंना हाक मारून सांगितलं, "रोलर उघडा आहे, या बाजूला येऊ नका." त्या दुसऱ्या कडेने चढत होत्या. त्यांनी काठी वर करून दाखवली.

खाली येऊन मी ब्रेकर उचलला आणि पट्टा चालू केला. आवाज थांबला होता. पाच-सहा मिनिटं झाली असतील, आणि सगळं बंद पडलं.

आधी दिवे गेले. मग पंखे फिरत फिरत थांबले. त्या जागेत मी तीन वर्षं काम केलं होतं, पण पंख्याशिवायची शांतता कधी ऐकली नव्हती. कान बसल्यासारखे झाले. चारपैकी दोन दिवे लागले, पिवळे, आणि मंद होत गेले. त्यातला एक माझ्या डोळ्यांदेखत विझला. वर छताकडे कुठेतरी बर्फाचा तुकडा तडकला आणि खाली पडला.

"ताई," मी हाक मारली.

उत्तर आलं नाही. हाक भिंतींवरून फिरून माझ्याकडेच परत आली.

"ताई, तिथेच थांबा. वीज येईल."

काही नाही. मग एक आवाज आला, लाकडावर लाकूड आपटावं तसा, आणि काहीतरी घसरत गेल्याचा. पुन्हा शांत.

तेव्हा माझं डोकं चालायचं थांबलं. बाहेर जायचं दार माझ्या पाठीशी होतं. ते ढकललं असतं तर मी उजेडात, उन्हात गेलो असतो. खरं सांगायचं तर माझा हात त्या दाराच्या दांडीवर गेलाही होता. दार उघडतं का ते मी बघितलं. उघडत होतं. मग मी ते सोडलं, खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवली, फोनचा दिवा लावला आणि चढायला लागलो.

उतारावर चालायला मला कधीच जमलं नाही. माझे बूट साधे, सुरक्षेचे. बर्फ घट्ट दाबलेला, त्याच्यावर पाय ठरत नाही. म्हणून मी रोजच्यासारखा पट्ट्यावर चढलो. रबराला खाचा आहेत, पाय धरतो. वाकून, एका हाताने पट्ट्याची कड धरत मी वर निघालो. दर दहा पावलांना हाक मारत होतो. तोंडातून निघणारी वाफच उजेडात दिसायची, तिच्या पलीकडे काही नाही.

अर्ध्यावर आलो असेन. पायाखालचा पट्टा जरासा हलल्यासारखा वाटला. हलला नव्हता, माझाच पाय खाचेतून सरकला होता. पण त्यामुळे मला आठवलं. वीज गेली तेव्हा पट्टा चालू होता. म्हणजे वीज आली की तो आपोआप चालू होणार. वीज गेली की आधी लाल बटण दाबायचं, मग ब्रेकर पाडून कुलूप लावायचं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. लाल बटण खाली माझ्या उजव्या हाताला होतं. मी त्याच्या शेजारून चालत आलो होतो. आणि वर, पट्टा जिथे आत वळतो, तिथलं झाकण मीच काढून ठेवलं होतं.

मी पट्ट्यावरून कडेला उडीच मारली आणि बर्फावर आपटलो. पिशवी खांद्यावरून निसटली ती पट्ट्यावर राहिली. ती उचलायला हात पुढे करायचीही माझी हिंमत झाली नाही. खाली जाऊन बटण दाबावं असं मनात आलं. पण वरून आता एक बारीक आवाज येत होता, कुणीतरी दातांतून श्वास घ्यावा तसा. मी चार पायांवर, भिंतीची जाळी धरत, वर सरकत राहिलो.

ताई वरच्या टोकाला होत्या. आणि पट्ट्यावर बसलेल्या होत्या.

अंधारात त्या पडल्या होत्या. एक स्की निघून घसरत गेली, दुसरी पायातच राहिली आणि गुडघा पिरगळला. धरायला काही घट्ट मिळावं म्हणून त्या चाचपडत पट्ट्यापर्यंत आल्या आणि त्याच्यावर बसून दोन्ही हातांनी त्याची कड धरून राहिल्या. उघडा रोलर त्यांच्या पाठीमागे चार-पाच फुटांवर होता.

"ताई, उठा. इकडे या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण ओळख पटल्यासारखं दिसेना.

"पट्टा चालू होईल. उठा."

"पाय हलत नाय," त्या म्हणाल्या. "आवाज फुटत नव्हता, भाऊ. तुमी बोलवत होता ता सगळा ऐकत होते. तोंडच उघडत नव्हता."

"ते नंतर. आधी हात सोडा."

"हात नाय सोडायची. सोडला तर खाली जाईन."

मी समजावत बसलो नाही. त्यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. त्या ओरडल्या, गुडघ्याची कळ आली असणार. स्की पट्ट्याच्या कडेत अडकली. मला त्यांचे बूट कसे सोडवायचे ते ठाऊक नव्हतं. "मागचा चाप दाबा, काठीने," त्या म्हणाल्या. काठी सापडेना. मी टाचेने दाबलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा स्की सुटली. आम्ही दोघं बर्फावर भिंतीला टेकून बसलो. तेवढ्यात फोन बंद पडला. थंडीत त्याचीही बॅटरी गेली.

वरच्या टोकालाही एक लाल बटण आहे. ते रोलरच्या पलीकडे, हाताच्या उंचीवर. आता जाऊन ते दाबावं, हे मला कळत होतं. पण त्या काळोखात, उघड्या रोलरच्या बाजूने, घसरड्या बर्फावरून जायची माझी छाती झाली नाही. मी बसून राहिलो. हे मी नंतर कुणालाच सांगितलं नाही, ताईंनाही नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. दहा मिनिटं असतील, जास्तही असतील. ताईंचे दात वाजत होते. मी माझं जाड जॅकेट काढून त्यांच्या पायांवर टाकलं. वफ्राच्या कोल्डरूमची गोष्ट मी त्यांना तेव्हा सांगितली. गप्प बसवत नव्हतं म्हणून सांगितली.

"मग तुमी ह्या कामात कशाला राहिला?" त्यांनी विचारलं.

"दुसरं काय येतं मला?"

मग दिवे लागले, सगळे एकदम. डोळे दिपले. पंखे गुरगुरले, आणि आमच्या पायांपासून हातभर अंतरावर पट्टा चालू झाला.

खालून माझी पिशवी वर येत होती. सावकाश, कुणी माणूस उभा असावा तशी. ती आमच्या समोरून गेली. रोलरपाशी पोचली, तिचा खांद्याचा बंद आत ओढला गेला, आणि एक असा आवाज झाला की ताईंनी माझा दंड धरला. पाना, स्क्रू-ड्रायव्हर, मीटर, सगळं आत चिरडत होतं. जळक्या रबराचा वास आला. मी धडपडत गेलो आणि लाल बटण दाबलं. उजेडात ते चार पावलांवर होतं.

मॅनेजर आणि इंजिनिअर धावत आले. इंजिनिअर मिसरी, म्हणजे इजिप्तचा, साठीच्या जवळचा, कमी बोलणारा. ताईंना खाली नेऊन खुर्चीवर बसवलं, गुडघ्याला पट्टी बांधली. इंजिनिअर वर जाऊन रोलर बघून आला. त्याने मला मोडक्या हिंदीत विचारलं, "वीज गेल्यावर खालचं बटण दाबलं होतंस?"

"हो," मी म्हणालो.

माझं तोंड माझ्या आधी बोललं. ताई शेजारीच होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. इंजिनिअर हात पुसत ऑफिसकडे गेला.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रिग्गई भागातल्या एका खोलीत आम्ही चौघं राहतो, सगळे कोकणातले, सगळे कंत्राटावर. त्यांनी विचारलं काय झालंय, मी पोट बिघडलंय म्हणालो. बायकोचा फोन आला तर लवकर ठेवून दिला. कुणी ऑफिसात बोलावलं की वाटायचं, आता पासपोर्ट हातात देऊन विमानात बसवणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, डोळे मिटले की पट्ट्यावरून वर जाणारी पिशवी दिसायची, आणि पिशवीच्या जागी दुसरं कुणी.

मंगळवारी दुपारी दोनला बर्फघर बंद झालं. उतार रिकामा होता. मी इंजिनिअरच्या टेबलाशी गेलो.

"साहेब, मी खोटं बोललो. बटण दाबलं नव्हतं. विसरलो."

त्याने चष्मा काढला. "ते मला त्याच दिवशी कळलं. बटण दाबलं असतं तर पट्टा चालला असता का? तू कधी येतोस याची वाट बघत होतो."

"आता?"

"आता लिहून दे. सगळं. झाकण उघडं होतं, तेही. आणि बॅटऱ्या बदलायला तू दोनदा सांगितलं होतंस, तेही लिही."

मला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली. बॅटऱ्या आठवड्यात बदलल्या. आणि नवा नियम झाला की पट्टा बंद असताना उतारावर कुणी असेल, तर पट्ट्याच्या कुलपाची किल्ली त्या माणसाच्याच खिशात असेल.

ताई दोन महिन्यांनी आल्या, जरा लंगडत. मला वाटलं सभासदत्व रद्द करायला आल्या असतील. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"ताई, माझ्याने बघवणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही वर असलात की मला इथे धड श्वास घेता येत नाही."

"मला काय येतो?" त्या म्हणाल्या. "घरी जिन्यावरचा दिवा गेला तरी मी खाली थांबते. पण मग काय, तिथेच थांबू?"

मी किल्ली दिली. त्या दिवशी त्यांनी तीनच फेऱ्या केल्या. प्रत्येक वेळी अर्ध्यावर थांबत होत्या, आणि मीही खाली जाळीला धरून उभा होतो.

हिवाळ्यात त्या डोंगरावर गेल्या. जायच्या आधी म्हणाल्या, तिथे लिफ्ट बंद झाल्यावर बर्फ सपाट करणारी यंत्रं फिरतात, आणि काही यंत्रं वरच्या खुंटाला पोलादी दोर बांधून चालतात. दोर बर्फात पुरलेला असतो, ताणला की एकदम वर उसळतो. ते त्यांनी सहज सांगितलं. ताणलेला दोर काय करतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हणालो, "यंत्रवाल्यांना आधी विचारा. ते सांगतील त्याच बाजूने चढा." त्यांनी कबूल केलं.

एका बुधवारी दुपारी त्यांचा आवाजातला निरोप आला. मागे वारा होता. "भाऊ, लिफ्ट बंद झाली. आमी चौघी आहोत. यंत्र पलीकडच्या बाजूला आहे, विचारून घेतलं. निघते."

त्यानंतर काही आलं नाही. संध्याकाळी मी दोनदा फोन लावला, लागला नाही. रात्री खोलीवर कुणाशी बोललो नाही. गुरुवारी सकाळी ड्युटीच्या व्हॅनची वाट बघत रिग्गईच्या रस्त्यावर उभा होतो, तेव्हा फोन वाजला.

"पोचले वर," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. "पण खाली स्कीवर नाय आले. वरून खाली बघितलं आणि स्की सोडल्या. स्की खांद्यावर टाकून चालत उतरले, दीड तास. बाकीच्या तिघी खाली थांबल्या माझ्यासाठी. फोन थंडीत बंद पडला, आणि खोलीवर येऊन तशीच झोपले. हसू नका."

"हसत नाही."

"खरंच घाबरले होते, भाऊ."

"मीही," मी म्हणालो. व्हॅन आली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

"आज परत जाणार?" मी विचारलं.

"चारपर्यंत ठरवते," त्या म्हणाल्या.